परत न येणारं गिऱ्हाईक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी बोरगाव मेघेचा शिंपी. आमचं गाव वर्धा शहराला अगदी लागून आहे. सावंगी मेघे, सिंदी मेघे, पिपरी मेघे अशी भावकीतली वाटावीत अशी गावं वर्ध्याभोवती आहेत, त्यांतलंच हे एक. वडिलांचं दुकान मी १९८३ सालापासून चालवतो आहे. आज मला बोलायला सांगितलं आहे ते परदेशात कपडे शिवून घेण्याबद्दल. विषय ऐकून घरचे सगळे हसले. शिंप्यानं परदेशात जाऊन दुसऱ्या शिंप्याकडे कपडे टाकायचे, म्हणजे हलवायानं दुसऱ्याच्या दुकानातून पेढे आणण्यासारखंच झालं. पण मी ते केलं आहे. आणि त्याआधी परदेशातून आलेल्या माणसांचे कपडेही शिवले आहेत. त्यामुळे या व्यवहाराच्या दोन्ही बाजू मला थोड्याफार ठाऊक आहेत.

परदेशात कपडे शिवून घेण्याची एक प्रसिद्ध गोष्ट आहे ती पुढे आमच्या वर्ध्याला येऊन राहिलेल्या माणसाचीच. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेला निघाले. तेव्हा ते एकोणिसाव्या वर्षात होते. बोटीवर त्यांनी पांढरा फ्लॅनेलचा सूट जपून ठेवला होता, तो घालून ते इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. सप्टेंबर संपत आला होता आणि तसले पांढरे कपडे घातलेले ते एकटेच होते. बाकीचं सामान पुढे पाठवून दिलेलं, त्यामुळे बदलायलाही काही नाही! मग मुंबईच्या शिलाईचे कपडे इंग्रजांमध्ये शोभणार नाहीत असं वाटून त्यांनी तिथले नवे घेतले, एकोणीस शिलिंगांची उंच हॅट घेतली आणि लंडनच्या बाँड स्ट्रीटवर दहा पौंड मोजून संध्याकाळचा सूट शिवून घेतला. हे दहा पौंड वाया गेले असं त्यांनी पुढे आत्मचरित्रात मोकळेपणानं लिहून ठेवलं.

आत्मचरित्राचा हा भाग मी वाचतो तेव्हा मला त्या बाँड स्ट्रीटच्या शिंप्याची आठवण येते. त्यानं काय पाहिलं असेल? एक लाजाळू, बारीक अंगाचा मुलगा आला, माप दिलं, पैसे मोजले आणि गेला. त्याच मुलानं १९२१ साली मदुराईत पंचा नेसला आणि १९३१ साली त्याच वेशात तो इंग्लंडच्या राजाकडे चहाला गेला. १९३६ साली शेगावला राहायला आला, त्या शेगावचंच पुढे सेवाग्राम झालं. यंत्रांबद्दल इतकं कडक बोलणाऱ्या गांधीजींनी शिवणयंत्राला मात्र सूट दिली होती. बायकोचे शिवणातले कष्ट पाहून सिंगरनं ते यंत्र काढलं, म्हणजे त्याच्या मुळाशी प्रेम आहे, असं त्यांनी १९२४ साली सांगितलं होतं. आम्हा मशीनवाल्यांना याचा थोडा अभिमान आहे.

गांधीजी इथे येऊन राहिल्यामुळे उलटी वाट सुरू झाली. इथला मुलगा कपड्यांसाठी बाँड स्ट्रीटला गेला होता, आता तिकडची माणसं सेवाग्राम पाहायला येतात आणि जाताना खादीचा कुडता शिवून नेतात. आश्रम पाहायचा, पवनारला धाम नदीवर विनोबांच्या आश्रमात जायचं, मगन संग्रहालय पाहायचं, खादी घ्यायची आणि मग कोणाला तरी विचारायचं, इथे शिंपी कुठे आहे? असं विचारत विचारत काही जण माझ्या दुकानापर्यंत पोहोचले आहेत.

त्यांतल्या एकाची गोष्ट मला आज सांगायची आहे. ती माझ्या मोठेपणाची नाही, हे आधीच सांगतो.

१९९४ सालचा श्रावण. वर्ध्याला झडी लागली होती, चार दिवस सूर्य दिसला नव्हता. एक जर्मन मुलगा सायकलवरून भिजत दुकानात आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत खादीचं कापड कोरडं ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळची त्याची गाडी होती. त्याआधी कुडता हवा, असं त्यानं घड्याळ दाखवून, हातांनी खुणा करून सांगितलं. मी माप घेतलं, वहीत लिहिलं.

आता खादीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. सुती खादी पहिल्या पाण्याला आटते. हातमागावर सूत ताणलेलं असतं, त्यात खळ असते. पाणी लागलं की खळ निघते, ताण सुटतो आणि कापड आपल्या मूळ जागी जातं. म्हणून खादी रात्रभर पाण्यात भिजवायची, वाळवायची, इस्त्री करायची आणि मगच कात्री लावायची. हे न करता शिवलेला कुडता पहिल्या धुण्यात लांबीला दोन इंच तरी कमी होतो. बाह्या मनगटाच्या वर जातात. शिकाऊ पोरालाही हे माहीत असतं.

मीही ते जाणून होतो. पण त्या झडीत कापड वाळणार कधी? आणि गाडी तर दुसऱ्या दिवशीची. वडील तेव्हा मशीनवर बसत नसत, पण दुकानाच्या दारात खुर्ची टाकून असायचे. त्यांनी विचारलं, "भिजोलं काय रे कापड?"

मी म्हणालो, "वाळत नाई बाबा या झडीत. अन् तो काय वापस येनार हाय?"

वडील थोडा वेळ बाहेरच्या पावसाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "वापस येनार नाई म्हनूनच भिजवाचं रायते."

मी ऐकलं नाही. तसाच कापला, रात्री शिवला, सकाळी काज-बटण केलं. खरं म्हणजे भिजवणं शक्य नव्हतं तर दुसरा मार्ग होता. लांबी दोन इंच वाढवून कापायची, बाही वाढवायची आणि त्याला खुणेनं सांगायचं की बाबा, आज मोठा वाटेल, धुतल्यावर बसेल. पण मोठा वाटणारा कुडता पाहून तो खट्टू झाला असता. मला तो आरशात खूश दिसायला हवा होता. आणि तो झालाही. कुडता अंगावर अगदी बेतशीर बसला. त्यानं हात जोडून नमस्कार केला, सांगितलेल्या शिलाईवर पन्नास रुपये जास्त दिले. मी ते घेतले.

वडील पुन्हा काही बोलले नाहीत. पण नंतर कितीतरी वेळा मला वाटलं, त्यानं तो कुडता कुठे धुतला असेल? वाराणसीला? की आपल्या घरी जाऊन? आखूड झालेल्या बाह्या पाहून तो काय म्हणाला असेल? गावातलं गिऱ्हाईक असतं तर दुसऱ्या दिवशी दारात उभं राहून चार शब्द सुनावून गेलं असतं. मी उसवून दिलं असतं, विषय संपला असता. परदेशी गिऱ्हाइकाचं तसं नसतं. त्याचं गाऱ्हाणं आपल्यापर्यंत पोहोचतच नाही.

श्रोतेहो, यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी मी स्वतः तसं गिऱ्हाईक झालो.

माझा मुलगा पुण्यात नोकरी करतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यानं आम्हा दोघांना आणि सूनबाईला व्हिएतनामला नेलं. दा नांग शहरापासून तीसेक किलोमीटरवर होई आन नावाचं जुनं बंदर आहे. थु बोन नदीच्या काठी, पिवळ्या भिंतींची कौलारू घरं, दारोदार कागदाचे आणि रेशमाचे आकाशकंदील. एके काळी चिनी आणि जपानी व्यापारी इथे येऊन राहायचे, जपान्यांच्या नावानं ओळखला जाणारा छताचा पूल अजून आहे. १९९९ साली युनेस्कोनं या गावाला जागतिक वारसा म्हटलं. पण मी तिथे पोहोचलो आणि मला दिसली ती फक्त शिंप्यांची दुकानं. शेकड्यांनी! पुतळ्यांवर कोट, दारात कापडाचे ठाण, पाट्यांवर चोवीस तासांत सूट मिळेल म्हणून लिहिलेलं. मला तर आळंदीला गेलेल्या वारकऱ्यासारखं झालं.

हे चोवीस तासांचं गणित कसं जमतं, ते सांगतो. समोरच्या दुकानात फक्त माप घेतात. कापलेलं कापड मागच्या गल्लीत किंवा गावाबाहेरच्या कारखान्यात जातं. पँट एक जण शिवतो, कोट दुसरा, काज तिसरा. कोटाच्या छातीत पूर्वी कॅनव्हास हातानं टाके घालून बसवत, त्याला दोन-तीन दिवस लागतात. आता डिंक लावलेलं अस्तर गरम इस्त्रीनं चिकटवतात, त्याला फ्यूजिंग म्हणतात. चांगलं फ्यूजिंग टिकतंही. पण घाईचं असेल तर काही धुण्यांनंतर छातीवर फोड आल्यासारखं दिसतं. ही घाईची रीत हाँगकाँगनं प्रसिद्ध केली. १९४९ नंतर शांघायचे नामी शिंपी हाँगकाँगला आले, फाळणीनंतर सिंधमधून गेलेल्या आपल्या व्यापाऱ्यांनीही तिथे टेलरिंगची दुकानं थाटली. बंदरात दोन दिवस थांबणाऱ्या खलाशांना आणि सैनिकांना बोट सुटण्याआधी सूट हवा असे. बँकॉकमध्येही पर्यटकांना हाक मारणारा टेलर पुष्कळदा मूळचा भारतीय निघतो. म्हणजे परत न येणाऱ्या गिऱ्हाइकावर अख्खे बाजार उभे आहेत.

पहिल्याच दिवशी आमचं फसणं झालं. टॅक्सीवाल्यानं एका मोठ्या दुकानासमोर गाडी उभी केली. त्याला तिथून काही मिळत असणार, हे नंतर कळलं. सूनबाईंनी रेशमी ड्रेस पसंत केला. पूर्ण पैसे आधी दिले. दुसऱ्या दिवशी ड्रेस आला तो ट्रायल न घेताच पूर्ण शिवलेला. मुंढ्यात ओढत होता, अस्तर एका बाजूला चुणलं होतं. मी आतल्या शिवणीतून एक धागा ओढला आणि काडी लावली. खरं रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि बोटांत चुरडली जाणारी राख उरते. इथे धागा वितळला आणि टोकाला कडक मणी झाला. पॉलिएस्टर! आम्ही परत गेलो. त्यांनी हसून मुंढा सैल करून दिला, कापडाचं मात्र ऐकून घेतलं नाही. काउंटरवरची मुलगी नम्र होती, पण आमच्या मागे रांग होती आणि आम्ही दोन दिवसांनी जाणार हे तिला माहीत होतं. मला राग आला, पण फार काळ टिकला नाही. त्या काउंटरच्या मागे मी स्वतः उभा राहून आलो होतो.

त्या संध्याकाळी नदीकाठी बसलो असताना बायको म्हणाली, "अहो, जलमभर लोकायची मापं घेतली. एखाद वेळा आपलं तं देऊन पाहा." खरंच होतं. लहानपणी वडिलांनी शिवलं, पुढे माझं मीच शिवलं. दुसऱ्या कोणी माझं माप कधी घेतलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मुलाला घेऊन मागच्या गल्लीत गेलो. एका लहानशा दुकानात माझ्याच वयाच्या एक बाई पायमशीनवर बसल्या होत्या. मशीन समोरच होतं, म्हणून आत शिरलो. भाषा एकमेकांची कळेना. मुलगा मोबाइलवर बोलायचा, मोबाइल व्हिएतनामीत बोलायचा. मी लिननचं कापड निवडलं, कोट आणि पँट. बाईंनी टेप काढला. त्या सेंटिमीटरमध्ये माप घेतात, मी इंचात. पण टेप कुठे लावायचा, कुठे दोन बोटं आत सोडायची, ते सगळं तेच.

पाठीचं माप घेताना त्या थांबल्या. दोन्ही तळवे माझ्या दोन्ही खांद्यांवर ठेवले आणि मला आरशाकडे वळवलं. माझा उजवा खांदा अर्धा इंच खाली होता. इतकी वर्षं आरशासमोर लोकांना उभं केलं, पण आपला खांदा उतरलेला आहे हे मला माहीत नव्हतं. मग त्यांनी माझा हात पाहिला. कात्रीनं अंगठ्याला पडलेला घट्टा त्यांनी बोटानं दाखवला. स्वतःचा अंगठा पुढे केला, तिथेही तोच घट्टा. आणि मग स्वतःचा खांदा. तोही उजवाच. आम्ही दोघंही हसलो, मुलाला काय झालं ते कळेना.

किती दिवस आहात, असं मोबाइलनं विचारलं. आज आणि उद्याचा दिवस, परवा सकाळी निघणार. बाईंनी मान हलवली. मोबाइल म्हणाला: आधी कापडाला पाणी, आज कात्री नाही. ट्रायल उद्या दुपारी. रात्री उशिरा कोट मिळेल.

मी मुलाकडे पाहिलं नाही. त्याला श्रावणातल्या त्या कुडत्याची गोष्ट माहीत नव्हती.

मनात आलं, मी शिंपी आहे हे ओळखल्यामुळे या बाई इतकी काळजी घेत असतील. म्हणून दुकानाच्या मागच्या अंगणात डोकावलो. तिथे तारेवर ओली कापडं वाळत होती. निळं, पांढरं, फुलाफुलांचं. प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी लावलेली, त्यावर कुठल्या कुठल्या देशांच्या माणसांची नावं. दोन-तीन दिवसांनी विमानात बसून निघून जाणारी माणसं, आणि त्यांची कापडं तिथे उन्हात लोंबत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कच्च्या टाक्यांवर ट्रायल झाली. उजव्या खांद्याखाली त्यांनी बकरमचा पातळ तुकडा घातला होता, त्यामुळे दोन्ही खांदे सारखे दिसत होते. रात्री कोट-पँट घेऊन हॉटेलवर आलो आणि सवयीनं पँट उलटी केली. मागच्या शिवणीत दीड इंच कापड आत सोडलेलं होतं. उद्या पोट सुटलं तर उसवून वाढवता यावं म्हणून. वाढवणारा शिंपी दुसराच कोणीतरी असणार होता, कुठल्यातरी दूरच्या गावातला. त्याच्यासाठी त्यांनी ते कापड सोडलं होतं. आपल्याच धंद्यातला माणूस म्हणून पैसे मात्र एक डोंगही कमी केले नाहीत. पंचवीस लाख डोंग, म्हणजे आपले साडेआठ-नऊ हजार रुपये. मला ते बरं वाटलं.

श्रोतेहो, आपल्यापैकी बरेच जण आता बँकॉकला, व्हिएतनामला जातात. कपडे शिवायचे असतील तर माझ्याकडून इतकं लक्षात ठेवा. गावात पोहोचल्या दिवशीच माप द्या, निघायच्या आदल्या दिवशी नाही. दोन पूर्ण दिवस आणि किमान एक ट्रायल नसेल तर शिवूच नका. अंगाला चांगला बसणारा जुना शर्ट किंवा पँट सोबत न्या, नमुना दाखवला की भाषेची अडचण निम्मी होते. पैसे अर्धे आधी, अर्धे घालून पाहिल्यावर. ट्रायलला नुसतं सरळ उभं राहू नका. खाली बसा, हात वर करा, कोटाची बटणं लावून पुढे वाका. कापडाचा रंग दुकानातल्या दिव्यात न पाहता दारात येऊन उजेडात पाहा. सुती किंवा लिनन असेल तर पाणी दाखवलं का, हे विचारा. कपडा उलटा करून शिवणीत किती कापड सोडलं आहे ते पाहा, शिंप्याची नियत तिथे दिसते. दोन बटणं आणि वीतभर कापड जास्तीचं मागून घ्या. आणि गाडीवाला नेईल त्या दुकानात जायचंच असेल तर त्याचा हिस्सा तुमच्या बिलात आहे, हे समजून जा.

परत आल्यावर कोट घालून मी दुकानात बसलो नाही, वर्ध्याच्या उन्हात कोण बसेल! तो भाच्याच्या लग्नात घातला. पण दुकानाच्या मागे आता मीही एक तार बांधली आहे. तशी माझ्याकडे आज नव्या शिवणीची कामं कमीच येतात. रेडिमेड पँटची लांबी कमी करणं, चेन बदलणं, शाळेचे गणवेश, यावर दुकान चालतं. त्यामुळे खादीचं कापड घेऊन कोणी आलं की मला आनंद होतो.

मागच्या पावसाळ्यात एक परदेशी मुलगा आला. वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठात शिकायला आलेला, हिंदी छान बोलत होता. सुटीत घरी निघाला होता, कुडता दुसऱ्या दिवशी हवा होता. मी म्हणालो, तीन दिवस लागतील, कापड भिजवावं लागेल. त्यानं बरीच विनवणी केली, जास्त पैसे देतो म्हणाला. मग मी म्हटलं, उद्या देतो, पण दोन इंच मोठा कापतो, धुतल्यावर बरोबर होईल. त्यालाही तो तयार होईना. त्याला जाताना घालायचा होता, मोठा नको होता. शेवटी कापड पिशवीत टाकून तो गेला. बहुधा दुसऱ्या कोणीतरी शिवून दिला असेल, किंवा नसेलही. त्या दिवशी दुकानात दुसरं काम नव्हतं. बायकोनं चहा आणून दिला आणि काही विचारलं नाही.

मापाच्या जुन्या वह्या मी टाकलेल्या नाहीत. १९९४ सालच्या वहीत त्या जर्मन मुलाचं पान अजून आहे. छाती अडतीस, बाही पंचवीस, लांबी चाळीस, सगळं माझ्याच अक्षरात.

लांबी बेचाळीस लिहायला हवी होती.